फॉकलंडचा ‘लांडगा’ खुनशी नव्हता

दक्षिण अटलांटिकमधल्या फॉकलंड बेटांवर ‘वॉरा’ नावाचा एक रानटी प्राणी होता. तो माणसांवर धावून जाणारा, मेंढ्यांचं रक्त पिणारा लांडगा होता, असं अजूनही सांगितलं जातं. ते खोटं आहे.

मुळात तो लांडगाच नव्हता. २००९च्या डीएनए अभ्यासानुसार आज हयात असलेला त्याचा सर्वांत जवळचा नातलग म्हणजे दक्षिण अमेरिकेतला लांब पायांचा, आयाळवाला ‘लांडगा’, आणि त्याचंही नाव फसवंच आहे.

खुनशीपणाची कथा १८व्या शतकातली. इंग्रज कप्तान बायरनचे खलाशी किनाऱ्यावर उतरले, तेव्हा हे प्राणी थेट जवळ आले. घाबरलेले खलाशी पाण्यात पळाले. १८३३ आणि १८३४मध्ये तिथे गेलेल्या डार्विनने स्पष्ट लिहिलंय: ते निव्वळ कुतूहल होतं. बेटांवर तोवर माणूस जवळपास नव्हताच, मग त्याची भीती कुठून असणार? एका प्राण्याने तर तंबूत शिरून झोपलेल्या खलाशाच्या डोक्याखालचं मांस ओढून नेलं. गाउचो लोक, म्हणजे दक्षिण अमेरिकेतले गुराखी, संध्याकाळी एका हातात मांसाचा तुकडा धरायचे, दुसऱ्या हातात सुरा. प्राणी विश्वासाने पुढे यायचा.

हे वाचताना मला दर वेळी गलबलून येतं.

पुढे कातड्यासाठी शिकार झाली, मग मेंढपाळांनी विष घातलं. १८७६मध्ये पश्चिम फॉकलंडवर शेवटचा वॉरा मारला गेला. हा प्राणी नामशेष होणार, हे डार्विनने आधीच लिहून ठेवलं होतं.