फिशआय म्हणजे आणखी थोडी वाइड लेन्स नव्हे

साडेसात एमएमची मॅन्युअल फिशआय घेतल्यापासून एकच प्रश्न सारखा येतोय: "तुझ्याकडे बारा एमएमची वाइड होतीच की, मग ही कशाला?" एमएमचा आकडा जितका लहान, तितका चौकटीत मावणारा कोन मोठा, त्यामुळे आकडेच बघितले तर प्रश्न रास्त आहे. पण या दोन लेन्स एकाच जिन्याच्या पायऱ्या नाहीत.

साधी अल्ट्रावाइड, म्हणजे माझ्या बारा एमएमसारखी खूप रुंद कोनाची लेन्स, सरळ रेष सरळच ठेवते. भिंत, खांब, दाराची चौकट, सगळं ताठ. त्याची भरपाई कडेला करावी लागते. लग्नाच्या ग्रुप फोटोत टोकाला उभ्या असलेल्या मामांचा चेहरा पसरट होतो, तो यामुळेच. कोन वाढेल तसा हा ताण वाढत जातो, आणि १८० अंश तर या पद्धतीने चौकटीत बसूच शकत नाहीत. एपीएस-सी सेन्सरवर (फुल-फ्रेमपेक्षा लहान सेन्सर) १२ एमएमला कर्णावर, म्हणजे कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत, साधारण ९९ अंश मिळतात. फिशआय रेषा सरळ ठेवायचा हट्टच सोडून देते, म्हणून तिला या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत जवळजवळ १८० अंश सापडतात. पाण्याखालून वर बघणाऱ्या माशाला वरचं सगळं जग एका गोलात दिसतं. रॉबर्ट वूड या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९०६ मध्ये त्यावरूनच हे नाव वापरलं.

साताऱ्याजवळच्या लिंब गावात बारामोटेची विहीर आहे, अष्टकोनी. तिच्या काठावर दोन्ही लेन्स लावून बघितल्या. बारा एमएमने एक तर तळ येई, नाही तर काठ. फिशआयमध्ये तळाचं पाणी, भोवतीच्या भिंती, काठाचे वाकलेले दगड आणि खालच्या कडेला माझ्या चपलांची टोकंसुद्धा आली! पहिल्या दिवशी तर निम्म्या फोटोंत माझंच बोट होतं.

मॅन्युअल, म्हणजे हाताने जुळवायच्या फोकसची धास्ती मात्र अजिबात घेऊ नका. एफ/८ ला (लेन्सचं छिद्र बरंच लहान करून) फोकस ३५ सेंटिमीटरवर ठेवला, की साधारण १८ सेंटिमीटरपासून क्षितिजापर्यंत सगळं स्पष्ट येतं. लेन्सला इलेक्ट्रॉनिक जोडणी नाही, त्यामुळे मेनूत 'लेन्सशिवाय शटर' चालू करावं लागतं, नाही तर कॅमेरा क्लिकच करत नाही. माझ्या लेन्सवरची इन्फिनिटीची, म्हणजे अगदी लांबच्या फोकसची खूण जरा चुकलेली निघाली. लांबचा विजेचा खांब स्क्रीनवर मोठा करून फोकस जुळवला आणि लेन्सच्या फोकसच्या कड्यावर नेलपॉलिशचा ठिपका दिला. स्वस्त लेन्सवर एवढं काम पहिल्याच दिवशी करून घ्यावं.

घराचे, इमारतींचे फोटो काढायचे असतील तर बारा एमएमच घ्या. सॉफ्टवेअरने फिशआय सरळ करता येते, पण कोपरे फिसकटतात आणि बराच भाग कापला जातो. पुढची काच फुगीर असल्यामुळे स्क्रूचा फिल्टरही बसत नाही.

आणि फिशआयमध्ये सगळंच वाकतं असं नाही. चौकटीच्या केंद्रातून जाणारी रेष सरळच राहते. समुद्रावर गेलात तर क्षितिज बरोबर मधोमध धरा. कॅमेरा जरा खाली झुकवला की तेच क्षितिज टेकडीसारखं फुगतं, वर केला की वाटीसारखं खोल होतं.