जुन्या संगणकात नेमकं काय बिघडतं?

दहा-बारा वर्षांचा घरचा संगणक बंद पडला की पहिला संशय मदरबोर्डवर किंवा प्रोसेसरवर जातो आणि बहुतेक वेळा तो चुकीचा ठरतो. सिलिकॉनची चिप सहसा इतक्यात मरत नाही. तिच्या भोवतीचं सगळं झिजतं: कपॅसिटरमधला (वीज साठवणाऱ्या छोट्या डबीतला) द्रव सुकतो, थर्मल पेस्ट वाळते, पंख्याचं बेअरिंग कोरडं पडतं, रॅमच्या सोनेरी पट्ट्यांवर मळ चढतो. यातलं बरंचसं घरी तपासता येतं. मात्र एका वेळी एकच गोष्ट बदला. दोन बदलल्या तर दोष कशात होता ते कळायचं नाही.

ग्वाल्हेरचा उन्हाळा या झिजेला हातभार लावतो. शहरातल्या लष्कर भागात वरच्या मजल्यावरच्या खोलीत मे महिन्यात हवा ४० अंशांवर असेल, तर हिवाळ्यातल्या २५ अंशांच्या मानाने कॅबिनेटमधलं सगळंच साधारण १५ अंशांनी जास्त तापतं. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचं आयुष्य दर १० अंश वाढीला ढोबळमानाने निम्मं होतं. १५ अंशांनी ते जवळजवळ एक तृतीयांशावर येतं. वर लूबरोबर (उन्हाळ्यातल्या गरम वाऱ्याबरोबर) येणारी बारीक धूळ आणि खोलीतल्या कूलरची दमट हवा. दोन्ही मिळून हीटसिंकच्या (प्रोसेसरवरच्या, उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या तुकड्याच्या) पात्यांत नमद्यासारखा घट्ट थर बसतो. कॅबिनेट कूलरच्या झोतात कधीच ठेवू नये.

संगणक सुरू होतो, पण दहा-पंधरा मिनिटांत आपोआप बंद पडतो, तेही भर दुपारी? मग आधी उष्णतेकडे बघा. वायर काढा, पॉवरचं बटण पाच-दहा सेकंद दाबून उरलेली वीज जाऊ द्या, कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावून अंगातली स्थिर वीज उतरवा. गच्चीत नेऊन ब्लोअरने धूळ उडवा. त्या वेळी पंख्याची पाती बोटाने धरून ठेवा, कारण झोताने भरधाव फिरलं की बेअरिंग खराब होतं. हीटसिंक काढून प्रोसेसरवरची वाळलेली पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून नवी लावा, वाटाण्याच्या अर्ध्या दाण्याएवढी. पेस्टचं काम दोन धातूंमधल्या सूक्ष्म फटी भरण्याचं आहे, त्यामुळे जाड थर उलट उष्णता अडवतो.

बटण दाबूनही काहीच होत नसेल तर एसएमपीएस, म्हणजे संगणकाला वीज पुरवणारा डबा, तपासा. तो मात्र उघडू नका. २३० व्होल्टच्या वीजपुरवठ्यावर आतला मोठा कपॅसिटर सुमारे ३२५ व्होल्ट किंवा त्याहूनही जास्त भारलेला असू शकतो आणि वायर काढल्यावरही काही काळ तसाच राहू शकतो. वीज जोडलेली असताना मदरबोर्डला जाणाऱ्या २४ पिनांच्या कनेक्टरच्या जांभळ्या तारेवर, बटण न दाबताही, मल्टिमीटरवर ५ व्होल्ट दिसायला हवेत. ते नसतील आणि भिंतीतला प्लग व वायर ठीक असेल, तर एसएमपीएस बहुधा गेला. संगणक सुरू असेल तर पिवळ्या तारेवर ११.४ ते १२.६ आणि लाल तारेवर ४.७५ ते ५.२५ व्होल्ट यायला हवेत. हे माप काम चालू असतानाच घ्या. थकलेला एसएमपीएस रिकामा असताना व्यवस्थित आकडे दाखवतो आणि भार आला की ढेपाळतो. शिवाय साधा मल्टिमीटर सरासरीच दाखवतो, त्यामुळे सुकलेल्या कपॅसिटरमुळे व्होल्टेजमध्ये येणारी थरथर त्याला दिसत नाही. आकडे चांगले आणि तरीही अधूनमधून रीस्टार्ट, असं असेल तर कुणाचा तरी चांगला एसएमपीएस तासभर लावून पाहा.

पंखे फिरतात पण पडदा काळाच? एक फार उपयोगी चाचणी आहे. वायर काढून सगळ्या रॅम बाहेर काढा आणि मग संगणक सुरू करा. बोर्डाला स्पीकर जोडलेला असून बीप वाजले, तर प्रोसेसर आणि बोर्ड जिवंत आहेत; रॅम नाही अशी तक्रार ते करू शकतात, म्हणजे त्यांच्यावरचा प्रोग्राम चालतोय. आता रॅमच्या पट्ट्या मऊ पांढऱ्या खोडरबराने हलकेच पुसा, अल्कोहोलचा बोळा फिरवा, आणि एकच रॅम एकेका खाचेत लावून पाहा. जोर लावून घासू नका, सोन्याचा मुलामा फार पातळ असतो.

तारीख रोज मागे जाते आणि ब्राउझर साइट असुरक्षित असल्याचं सांगतो? मदरबोर्डवरचा नाण्यासारखा सीआर२०३२ सेल बदला. नवा ३ व्होल्टचा असतो, २.७ च्या खाली गेला की विश्वास ठेवू नका. आपल्याकडे रात्री भिंतीवरचं बटण बंद करायची सवय आहे. त्या वेळात घड्याळ याच सेलवर चालतं, म्हणून तो लवकर संपतो.

हार्ड डिस्क खटखट करत असेल तर दुसरं काही करण्याआधी फोटो आणि कागदपत्रं दुसरीकडे उतरवा. मग क्रिस्टलडिस्कइन्फोसारखा प्रोग्राम चालवून स्मार्ट नोंदी, म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीच्या ठेवते त्या क्रमांकवार नोंदी, पाहा. त्यात अनेकदा क्रमांक हेक्समध्ये (सोळाच्या पायावरच्या आकड्यांत) असतात; ते इथे कंसात दिले आहेत. ५ (०५) आणि १९७ (सी५) या खराब जागांच्या नोंदींसमोरचे आकडे वाढत असतील तर डिस्क बदलायची वेळ आली. फक्त १९९ (सी७), म्हणजे माहिती पाठवताना झालेल्या चुकांची नोंद, वाढत असेल तर आधी साटा केबल (डिस्क आणि मदरबोर्ड जोडणारी) बदला. जुना आकडा शून्यावर येत नाही. तो वाढायचा थांबला की दोष केबलमध्येच होता असं समजा.