दरबारातला पेच: मराठी ऐतिहासिक नाटकात कारस्थानाची मांडणी कशी घडत गेली

नारायणराव पेशव्यांवर नाटक लिहायला बसणाऱ्यापुढे पहिली अडचण ही की शेवट प्रेक्षकाला पाठ असतो. 30 ऑगस्ट 1773. भाद्रपदातले गणपतीचे दिवस, शनिवारवाडा, थकलेल्या पगाराचे निमित्त करून आत घुसलेले गारदी आणि काकाला मिठी मारून जीव वाचवू पाहणारा अठरा वर्षांचा पेशवा. ‘काका, मला वाचवा’ ही हाक शाळकरी पोरालाही ठाऊक असते. आडवा आलेला चापाजी टिळेकर मारला जाणार, पेशवाही मारला जाणार, यात कुणालाच शंका नसते. मग प्रेक्षकाला खुर्चीत खिळवून ठेवायचे कशाच्या जोरावर? राजघराण्यातल्या चढाओढीवर मराठीत जे काही लिहिले गेले, त्याच्या रचनेचा इतिहास म्हणजे या प्रश्नाला लेखकांनी वेळोवेळी दिलेल्या उत्तरांचा इतिहास आहे, असे मला वाटते.

सुरुवातीला हा प्रश्नच नव्हता. 1843 साली सांगलीत विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ रंगवले, तेव्हा रामाने धनुष्य मोडायचे की नाही याची कुणाला उत्कंठा नव्हती. सूत्रधार पदे म्हणायचा, विदूषक त्याच्याशी हुज्जत घालायचा, गणपती आणि सरस्वती येऊन आशीर्वाद द्यायचे आणि मग पात्रे आपापली भाषणे आयत्या वेळी जुळवून बोलायची. राक्षस ‘अलललडुर्र’ करत आला की पोरे आईच्या पदराआड दडायची. गोष्ट ठाऊक असणे ही इथे सोयच होती. पण दरबारी कारस्थानाला ही चौकट पुरत नाही. तिथे एक माणूस दुसऱ्याला वेगळे सांगतो आणि तिसऱ्याला वेगळे. कुणाला काय कळले आहे आणि कुणाला नाही, याचा हिशेब काटेकोर ठेवावा लागतो. त्याला लिहिलेली संहिता हवी, अंक हवेत, प्रवेशांचा क्रम हवा.

असा हिशेब ठेवणारा एक नमुना संस्कृतात पूर्वीपासून होता. विशाखदत्ताच्या सात अंकी ‘मुद्राराक्षसा’त चाणक्याला नंदांचा स्वामिनिष्ठ अमात्य राक्षस जिवंत हवा आहे, चंद्रगुप्ताचा मंत्री म्हणून हवा आहे. म्हणजे चढाओढीचा शेवट मारण्यात नाही, वळवण्यात आहे. आणि हे सगळे कारस्थान सुरू कशावरून होते? चंदनदासाच्या घरातून एक लहान मूल कुतूहलाने बाहेर डोकावते. आतली बाई त्याला हात धरून मागे ओढते, आणि तिच्या बोटात सैल बसलेली, पुरुषाच्या मापाची अंगठी निसटून उंबऱ्यापलीकडे घरंगळत जाते. ती नेमकी चाणक्याच्या हेराच्या पायाशी येऊन थांबते. अंगठीवर राक्षसाची मुद्रा आहे. त्या एका मुद्रेवर चाणक्य एक पत्र रचतो आणि पुढच्या अंकांत ते पत्र राक्षसाची एकेक माणसे त्याच्यापासून तोडत नेते. शिक्का, कागद आणि कागदावर विश्वास ठेवणारी माणसे, इतक्या सामानावर दरबारी नाटक उभे राहते हे त्या नाटकाने फार आधी दाखवून दिले होते.

पुण्याच्या दरबाराकडे स्वतःचा असा एक कागद होता. ‘ध चा मा’.

या गोष्टीचा लेखी प्रवास पाहण्यासारखा आहे. ग्रँट डफच्या 1826 साली प्रसिद्ध झालेल्या मराठ्यांच्या इतिहासात ती सविस्तर येते. नारायणरावांचा काका राघोबा याने न्यायाधीश रामशास्त्र्यांपाशी कबुली दिली की आपण नारायणरावाला धरण्याचा हुकूम दिला होता. शास्त्र्यांनी मूळ कागद मिळवून पाहिला, तर त्यात ‘धरावे’चे ‘मारावे’ झालेले. आणि हा फेरफार राघोबाच्या बायकोने, आनंदीबाईने केला असा सार्वत्रिक समज. डफनेही तो समज म्हणूनच नोंदवला. आनंदीबाईविरुद्ध निर्णायक ठरेल असा कागद आजही कुणाच्या हाती नाही. तरीही एका बाईच्या माथी हे अक्षर जे बसले ते बसलेच, आणि त्यात नाटकांचा वाटा मोठा आहे हे नाट्यप्रेमी म्हणून मला मान्य करावे लागते.

पण रचनेच्या बाजूने पाहिले की हे अक्षर किती नेमके आहे ते कळते. मोडी लिहिताना आधी आडवी रेघ ओढायची आणि मग तिला लटकवत अक्षरे लिहीत जायची. दोन शब्दांमध्ये जागा सोडायची चाल नाही. अशा सलग ओळीत एक अक्षर बदलले तर घाईत वाचणाऱ्याला संशय कुठून येणार? नाटककाराला हवे ते सगळे या एका बदलात आहे. राघोबाला अपराधी म्हणता येते आणि फसवला गेलेला म्हणूनही दाखवता येते. गारद्यांच्या हाती हुकूम आहे. आनंदीबाईच्या हाती लेखणी आहे. आणि प्रेक्षकाला जे ठाऊक आहे ते रंगमंचावरच्या एकालाच ठाऊक आहे. खून तर ठरलेला आहे. पण तो कागद या हातातून त्या हातात जाताना बघणाऱ्याचा श्वास अडकतो.

पहिले पाऊल मात्र या खुनावर पडले नाही. 1861 साली विनायक जनार्दन कीर्तन्यांनी ‘थोरले माधवराव पेशवे’ लिहिले. मराठीतले पहिले स्वतंत्र ऐतिहासिक नाटक म्हणून त्याचा मान आहे. लिहिणारा विशीतला तरुण होता. माधवरावांचा मृत्यू आणि रमाबाईंचे सती जाणे, असा शोकान्त शेवट त्याने धीटपणे ठेवला. विशेष म्हणजे, याच घरातल्या धाकट्या भावाने, नीळकंठ जनार्दन कीर्तन्यांनी, पुढे 1867 साली ग्रँट डफच्या बखरीवर गाजलेली टीका केली. एकाने इतिहास रंगमंचावर आणला आणि दुसऱ्याने तो कागदपत्रांच्या कसोटीला लावायला सांगितले. मराठी ऐतिहासिक नाटकाची ओढाताण तेव्हापासून याच दोन टोकांत चालली आहे.

माधवरावांच्या चरित्रात काका-पुतण्यांची चढाओढ भरपूर होती. 1762 साली आळेगावाला पुतण्याने काकापुढे नमते घेतले. 1768 साली धोडपला काकाला पकडून शनिवारवाड्यात नजरकैदेत ठेवले. सहा वर्षांत पारडे पूर्ण फिरले. पण शेवट क्षयाने आणला, थेऊरला, 18 नोव्हेंबर 1772 रोजी. रोग हा प्रतिस्पर्धी होऊ शकत नाही. त्याच्याशी मसलत करता येत नाही. राजघराण्यातली चढाओढ कथानकाचा कणा व्हायची असेल, तर नाश घरातूनच यायला हवा होता.

ती वाट शेक्सपिअरने दाखवली. आगरकरांनी 1883 साली ‘हॅम्लेट’चे ‘विकारविलसित’ केले, देवलांनी 1890 साली ‘ऑथेल्लो’चा ‘झुंजारराव’ केला. पाच अंकांची चढण, स्वगते, कानात विष ओतणारा जवळचा माणूस ही सगळी हत्यारे मराठी लेखकाच्या हाताशी आली. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांनी ती 1893 साली ‘सवाई माधवरावांचा मृत्यू’मध्ये वापरली. 1795 सालच्या ऑक्टोबरात एकवीस वर्षांचा पेशवा शनिवारवाड्यातून खाली पडला आणि दोन दिवसांनी गेला. अपघात की आत्मघात, हा वाद तेव्हापासून चालू आहे. खाडिलकरांनी या तरुणात हॅम्लेटची घालमेल घातली आणि त्याच्या मनात संशय पेरायला ‘ऑथेल्लो’तल्या इयागोच्या जातीचा केशवशास्त्री उभा केला. प्रयोग यशस्वी झाला, तरी मला त्यात शिवण दिसते. केशवशास्त्री दुष्ट आहे म्हणून दुष्टपणा करतो. दरबारात इतका निखळ दुष्टपणा लागत नाही. तिथे वतन, देणे, मान, भीती, जुना अपमान एवढ्यावर माणसे घसरतात.

ही शिवण ‘भाऊबंदकी’त, 1909 साली, बुजली. आता खाडिलकरांनी नारायणरावाचाच खून घेतला आणि नाटकाचे वजन खुनाच्या पुढे सरकवले. खून होऊन गेला आहे, राघोबा मसनदीवर बसला आहे, आनंदीबाईला हवे ते मिळाले आहे. आता प्रश्न काय उरला? वाड्यात वावरणाऱ्या प्रत्येकाने राघोबाला मुजरा करायचा की नाही, एवढाच. कारभारी, सरदार, शास्त्री, एकेकाला आपली जागा दाखवावी लागते. आणि रामशास्त्री प्रभुणे समोर उभे राहून या पापाला देहान्त हेच प्रायश्चित्त, असे पेशव्याला सांगतात आणि तुमच्या राज्यात मी राहणार नाही म्हणून निघून जातात. इतिहासातही शास्त्री पुणे सोडून वाईजवळच्या एका खेड्यात जाऊन राहिले. तलवार नाही, फौज नाही, मध्यरात्रीचा छापा नाही. एक माणूस नोकरी सोडतो आणि तो नाटकाचा सगळ्यात उंच क्षण ठरतो. हे मराठी रंगभूमीने स्वतःच्या बळावर मिळवलेले आहे.

त्या काळचा प्रेक्षक ते कसे पाहत असेल, याची कल्पना करता येते. 1907 च्या डिसेंबरात सुरतेला काँग्रेस फुटली होती. 1908 साली टिळकांना शिक्षा होऊन ते मंडालेला गेले होते. खाडिलकर ‘केसरी’तले. घरच्या भांडणात परक्याला वाट मिळते हे नाटक सांगत होते, आणि इतिहासही तेच सांगत होता, कारण खुनानंतर दोन वर्षांच्या आत राघोबाने मार्च 1775 मध्ये सुरतेलाच इंग्रजांशी तह केला होता. राजकीय बोलण्यावर सरकारचा डोळा असताना जुन्या दरबाराच्या आडून बोलणे सोयीचे होते. पण खाडिलकरांच्याच ‘कीचकवध’ नाटकावर 1910 साली बंदी आली आणि ती आडही फार काळ पुरली नाही.

बारभाईंचा, म्हणजे राघोबाविरुद्ध एकत्र आलेल्या कारभाऱ्यांचा, पुढचा भाग मात्र नाटककारांनी वाया घालवला असे मला नेहमी वाटते. नारायणरावांची विधवा गंगाबाई गरोदर आहे. नाना फडणीस, सखारामबापू बोकील, हरिपंत फडके एकत्र येतात आणि तिला पुरंदरावर नेतात. राज्य कुणाचे, हे एका बाळंतपणावर ठरणार आहे. मुलगा झाला तर राघोबा संपला, मुलगी झाली तर डाव संपला. 18 एप्रिल 1774 रोजी मुलगा होतो आणि चाळिसाव्या दिवशी त्याला पेशवाईची वस्त्रे मिळतात. तीन महिने गडावर नुसती वाट पाहणे, आणि बाहेर राघोबाची फौज. याहून ताणलेले कथानक कुणी बसून रचले तरी जमणार नाही.

विसाव्या शतकाच्या मध्यावर रचना आणखी आत शिरली. 26 ऑक्टोबर 1962 रोजी वसंत कानेटकरांचे ‘रायगडाला जेव्हा जाग येते’ रंगमंचावर आले. शिवाजी महाराज मास्टर दत्ताराम, संभाजी काशिनाथ घाणेकर. इथे दरबार म्हणजे घरच. बाप, मुलगा, सावत्र आई. सोयराबाईंची वारसाहक्काची मागणी आणि अण्णाजी दत्तोंचे राजकारण घरातल्या बोलण्यातूनच पुढे येते. पाचावरून अंक कमी झालेले होते, स्वगते आटली होती, पदे गेली होती. पेच कागदावरून नात्यावर आला.

दहा वर्षांनी, डिसेंबर 1972 मध्ये, विजय तेंडुलकरांच्या ‘घाशीराम कोतवाल’ने अंकांची चढण मोडूनच टाकली. डॉ. जब्बार पटेलांच्या त्या प्रयोगात एका रांगेत उभ्या माणसांची भिंत होती. ती गात होती, डुलत होती. तोंड फिरवले की वाडा, पाठ फिरवली की काणाडोळा करणारे शहर. नाना फडणीस आणि घाशीराम यांच्यातला सौदा त्या भिंतीसमोर होतो, म्हणजे सगळ्यांच्या देखत होतो. गुप्त मसलत नावाची गोष्टच राहत नाही. सूत्रधार परत आला, गणपती परत आला. भाव्यांच्या चौकटीत खाडिलकरांचा दरबार बसला.

दूरदर्शन आणि नंतरच्या वाहिन्यांवर कथानक रोजच्या भागांत कापले जाऊ लागले. भाग संपताना काहीतरी अडकलेले हवे, म्हणून दाराआडून ऐकणे आणि अर्धवट वाचलेले पत्र यांची गर्दी झाली. त्यात बराच भरणा असतो. पण लांबीचा एक फायदा आहे. ‘स्वराज्यरक्षक संभाजी’सारख्या मालिकेला महाराजांच्या मृत्यूशी थांबावे लागले नाही, पुढचे 1680 चे दिवस तिच्यासाठी मोकळे होते.

आणि ते दिवस या सगळ्या परंपरेला हवे तसेच आहेत. 3 एप्रिलला महाराज जातात. संभाजीराजे पन्हाळ्यावर आहेत. 21 एप्रिलला रायगडावर दहा वर्षांच्या राजारामाचे मंचकारोहण होते. अण्णाजी दत्तो आणि मोरोपंत पिंगळे संभाजीराजांना धरायला पन्हाळ्याच्या वाटेला लागतात. ‘धरायला’, पुन्हा तोच शब्द. आता सगळे फौजेवर आहे आणि फौज सरसेनापती हंबीरराव मोहित्यांच्या हाती आहे. हंबीरराव सोयराबाईंचे सख्खे भाऊ, राजारामाचे मामा. भाचा मसनदीवर बसला आहे, बहीण गडावर निरोपाची वाट पाहते आहे. हंबीररावांनी वाटेतच त्या कारभाऱ्यांना कैद केले आणि पन्हाळ्यावर संभाजीराजांपुढे नेऊन उभे केले.