टीव्हीवर कुठली फुटबॉल मॅच लाइव्ह दाखवायची हे कसं ठरतं

मोठ्या फुटबॉल लीगमधे एका वीकेंडला नऊ-दहा मॅचेस असतात, आणि त्यातल्या कुठल्या लाइव्ह जाणार, कुठल्या दिवशी, किती वाजता, हे टीव्ही चॅनेल आणि लीग मिळून काही आठवडे आधी ठरवतात. या निवडीला इंग्लंडमधे सरळ 'पिक' म्हणतात. बघणाऱ्याला वाटतं की चॅनेलवाले बसले आणि त्यांनी सगळ्यात भारी मॅच उचलली, पण तसं फार कमी वेळा होतं. चॅनेलची पाळी येईपर्यंत बरेचसे पर्याय करार, पोलिस, युरोपियन स्पर्धांचं वेळापत्रक आणि समोरच्या चॅनेलने आधीच खाऊन टाकलेले असतात, उरलंसुरलं जे असतं त्यातून निवड होते. इथे मुख्य उदाहरण इंग्लंडचं घेतलंय कारण ही सगळी भानगड तिथे सगळ्यात जास्त गुंतागुंतीची आहे.

आधी करार समजून घ्यायला लागतो. प्रीमियर लीग, म्हणजे इंग्लंडची सगळ्यात वरची लीग, आपल्या मॅचेस पॅकेज करून विकते, आणि चॅनेल खरं तर मॅच विकतच घेत नाही, ते स्लॉट घेतं. शनिवार दुपारी साडेबारा, शनिवार संध्याकाळी साडेपाच, रविवारी दोन आणि साडेचार, सोमवार रात्र. प्रत्येक पॅकेजला पसंतीचा क्रम जोडलेला असतो, म्हणजे अमुक आठवड्यात पहिली निवड कुणाची, दुसरी कुणाची. 2012 च्या जूनमधे बीटी या टेलिकॉम कंपनीने पहिल्यांदा या लिलावात उडी घेतली तेव्हा त्यांनी वर्षाला 38 मॅचेस घेतल्या, आकडा तसा लहान, स्काय या चॅनेलकडे 116 होत्या, पण बीटीच्या 38 पैकी 18 मॅचेस फर्स्ट पिक होत्या आणि खरी मेख तिथे होती. त्याआधी सेतांता या चॅनेलकडे 46 मॅचेस होत्या पण त्यातल्या मोठ्या लढती कमीच, आणि 2009 मधे ती कंपनी इंग्लंडमधे बुडाली. नुसत्या मॅचेसच्या संख्येवरून करार जोखायचा नसतो तो असा.

सगळं एकाच चॅनेलकडे का नाही, तर युरोपियन कमिशनने दट्ट्या लावला म्हणून. 2007 च्या सीझनपासून एकाच खरेदीदाराला सगळी पॅकेजेस घेता येत नाहीत. प्रेक्षकाचा यात फायदा झाला का हा प्रश्न विचारू नये, कारण एकाच्या जागी दोन सबस्क्रिप्शन भरायला लागली.

आता प्रत्यक्षात निवड कशी होते ते एका काल्पनिक वीकेंडवर बघू. समजा त्या आठवड्यात आर्सेनल-चेल्सी आहे, लिव्हरपूल-एव्हर्टन आहे आणि मँचेस्टर युनायटेड-वेस्ट हॅम आहे. फर्स्ट पिक तुमच्याकडे आहे आणि तुमचा स्लॉट रविवारी साडेचारचा, म्हणजे सगळ्यात जास्त बघितला जाणारा. डोळे झाकून आर्सेनल-चेल्सी घ्यावी, नाही का? पण आर्सेनलची मंगळवारी चॅम्पियन्स लीगची मॅच आहे, त्यांना रविवारी संध्याकाळी खेळवलं तर मधे एकच दिवस उरतो, म्हणून ती मॅच शनिवारी ढकलायला लागते. बरं मग लिव्हरपूल-एव्हर्टन घेऊ. ती डर्बी, दोन्हीकडचे समर्थक एकाच शहरातले, पोलिस आणि स्थानिक सुरक्षा समिती म्हणणार संध्याकाळी नको, लोक दिवसभर पिऊन येतात, दुपारी लवकर घ्या. युनायटेड मात्र गुरुवारी रात्री युरोपा लीग खेळतंय, त्यामुळे ते रविवारीच खेळणार हे आधीच नक्की. झालं, फर्स्ट पिक हातात असून तुमच्या स्लॉटमधे युनायटेड-वेस्ट हॅम येऊन बसली आणि सोशल मीडियावर लोक विचारतायत की पुन्हा युनायटेडच का.

अर्थात युनायटेडच का याला दुसरंही उत्तर आहे आणि ते जास्त खरं आहे, त्यांना बघणारे लोक जास्त आहेत. एफए कपमधे, म्हणजे लहानमोठे सगळे क्लब खेळतात त्या इंग्लंडच्या बाद स्पर्धेत, हे उघडं पडतं कारण तिथे युरोपियन वेळापत्रकाची सबब फारशी चालत नाही. 2005 नंतर दहाहून जास्त वर्षं मँचेस्टर युनायटेडची एफए कपमधली प्रत्येक मॅच इंग्लंडमधे लाइव्ह दाखवली गेली, समोर कुणीही असो. कपची मजा म्हणजे छोट्या क्लबने मोठ्याला लोळवणं, त्यामुळे चॅनेलला खालच्या डिव्हिजनचं मैदान, लाकडी स्टँड, चिखल, शेजारच्या घरांची छपरं हे सगळं हवंच असतं, पण समोर एखादं मोठं नाव असलं तरच. दोन मधल्या फळीतले क्लब एकमेकांसमोर आले तर ती मॅच कितीही चुरशीची होणार असली तरी तिला कुणी विचारत नाही. छोट्या मैदानात कॅमेऱ्यासाठी मचाण बांधायला लागतं, ओबी व्हॅन, म्हणजे मैदानावरून प्रक्षेपण करणाऱ्या गाड्या, उभ्या करायला जागा शोधायला लागते, फ्लडलाइट पुरतात का बघायला लागतं, तेवढी खटपट चॅनेल उगाच करत नाही.

मोठ्या क्लबांची ओढ जुनीच आहे. 1988 मधे आयटीव्ही या चॅनेलने चार वर्षांसाठी 4 कोटी 40 लाख पौंडांचा करार केला तेव्हा आर्सेनल, लिव्हरपूल, एव्हर्टन, टॉटनहॅम आणि मँचेस्टर युनायटेड या पाच क्लबांवरच भर राहिला आणि बाकीचे धुसफुसत राहिले. 1992 मधे प्रीमियर लीग सुरू झाली आणि हक्क स्कायकडे गेले, सीझनला 60 लाइव्ह मॅचेस. तेव्हा पैशाच्या वाटपाचं एक सूत्र ठरलं: देशातल्या टीव्हीचा अर्धा पैसा सगळ्यांना सारखा, पाव हिस्सा लीगमधल्या नंबरावर आणि पाव हिस्सा तुमची मॅच किती वेळा लाइव्ह गेली त्यावर. म्हणजे चॅनेलने कुणाला निवडलं याचा थेट संबंध क्लबच्या तिजोरीशी. म्हणूनच प्रत्येक क्लबला काही मॅचेसची किमान हमी असते आणि वरच्या बाजूलाही मर्यादा असते, कुठलाही क्लब दर आठवड्याला दाखवता येत नाही. एप्रिल-मे मधे एकदम कुठलीतरी निरस मॅच सोमवारी रात्री दिसली तर समजायचं की कुणाचा तरी किमान कोटा पूर्ण करायचा राहिला असेल.

शनिवारी दुपारी तीनचं काय? इंग्लंडमधे बहुतेक मॅचेस परंपरेने शनिवारी तीनला सुरू होतात, आणि नेमक्या त्याच वेळी, पावणेतीन ते सव्वापाच, तिथल्या टीव्हीवर लाइव्ह फुटबॉल दाखवायला बंदी आहे. ही कल्पना बर्नली क्लबचे चेअरमन बॉब लॉर्ड यांची, 1960 च्या दशकातली. त्यांचं म्हणणं असं की घरबसल्या मोठी मॅच दिसली तर लोक खालच्या लीगची तिकिटं काढणार नाहीत. लॉर्ड टीव्हीच्या इतके विरोधात होते की बीबीसीचे कॅमेरे त्यांनी काही वर्षं आपल्या मैदानात येऊच दिले नाहीत. नंतर हा नियम युएफाच्या, म्हणजे युरोपियन फुटबॉल संघटनेच्या, कायद्यात कलम 48 म्हणून गेला आणि आजही चालू आहे. विचित्र गोष्ट म्हणजे तीच मॅच परदेशात आरामात लाइव्ह दिसते. पोर्ट्समथमधल्या एका पब चालवणाऱ्या बाईंनी ग्रीसचं डिकोडर कार्ड लावून आपल्या पबमधे मॅचेस दाखवल्या, प्रकरण थेट युरोपियन न्यायालयापर्यंत गेलं आणि 2011 मधे बराचसा निकाल त्यांच्या बाजूने लागला, तरी बंदी काही उठली नाही. बंदीने खालच्या लीगचं खरंच किती भलं होतं यावर वाद आहे, पण ती काढायची हिंमत कुणी करत नाही.

प्रीमियर लीगच्या आधीचा इतिहास तर अजून कोरडा आहे. लीगची पहिली लाइव्ह मॅच सप्टेंबर 1960 मधे आयटीव्हीवर गेली, ब्लॅकपूल विरुद्ध बोल्टन, आणि तो प्रयोग लगेच गुंडाळला गेला, त्यानंतर 1983 पर्यंत लीगची एकही मॅच लाइव्ह नाही. 1985 मधे तर पैशावरून एवढं फाटलं की अर्धा सीझन टीव्हीवर फुटबॉलच नव्हतं. म्हणजे कुठली मॅच निवडायची हा प्रश्न मुळात फार जुना नाही.

2025-26 पासून इंग्लंडमधे गणित थोडं उलटं झालंय. स्कायकडे आता सीझनला किमान 215 मॅचेस आहेत, टीएनटीकडे (बीटीच्या चॅनेलचं आताचं नाव) शनिवारी साडेबाराच्या धरून 52, आणि शनिवारच्या बंदीत न अडकलेली प्रत्येक मॅच कुठेतरी लाइव्ह जाते. आधी गुरुवारी युरोपात खेळलेल्या क्लबची मॅच रविवारी दोनला सरकायची आणि बऱ्याचदा कुणीच दाखवायचं नाही, आता तीही दिसते. त्यामुळे कुठली दाखवायची यापेक्षा तीनच्या खड्ड्यात कुठल्या तीन-चार मॅचेस ठेवायच्या हा प्रश्न झालाय. एकूण 380 मधल्या शंभराहून जास्त तरीही इंग्लंडमधल्या माणसाला लाइव्ह बघता येत नाहीतच.

या सगळ्यात सगळ्यात जास्त हाल होतात ते मैदानात जाणाऱ्यांचे, खासकरून अवे फॅन्सचे, म्हणजे आपल्या टीमसाठी दुसऱ्याच्या मैदानावर जाणाऱ्यांचे. न्यूकॅसलहून सोमवारी रात्री लंडनला मॅच बघायला गेलेल्या माणसाला मॅच संपल्यावर घरी जायला ट्रेन नसते, आणि मॅचची तारीख सहा आठवडे आधी बदलली तर काढलेलं तिकीट वाया. लीगने ठराविक मुदतीआधी निवड जाहीर करायचं मान्य केलंय आणि ती मुदत हुकते तेव्हा फॅन संघटना कडाडून बोलतात. जर्मनीत फॅन्स नुसते बोलले नाहीत. सोमवारच्या मॅचेस सुरू झाल्या तेव्हा 19 फेब्रुवारी 2018 ला फ्रँकफर्ट विरुद्ध लाइपझिग मॅचमधे लोकांनी मैदानात टेनिस बॉलचा पाऊस पाडला, आणि 2021-22 पासून बुंडेसलीगाने, म्हणजे तिथल्या लीगने, सोमवार बंद करून टाकला. इंग्लंडमधे सोमवार 1992 पासून चालूच आहे, क्लबमधे फॅन्सचा आवाज दोन देशांत किती वेगळा आहे ते यावरून कळतं. कोचही कुरकुर करतात, लिव्हरपूलचे तेव्हाचे कोच युर्गन क्लॉप साडेबाराच्या मॅचवरून चॅनेलच्या माणसांशी कॅमेऱ्यासमोरच भांडायचे.

स्पेनमधे निवडीचा प्रश्नच वेगळा आहे, तिथे मॅचेस जवळजवळ एकापाठोपाठ एक वेगवेगळ्या वेळी ठेवतात म्हणून सगळ्या दाखवता येतात, भांडण फक्त वेळेवरून. आशियातल्या प्रेक्षकांसाठी काही वेळा मोठी मॅच दुपारी घेतात. 2015 च्या सरकारी आदेशाआधी तिथे रिअल माद्रिद आणि बार्सिलोना आपापले हक्क स्वतः विकायचे, मग त्यांच्या तुलनेत बाकीच्यांना काय मिळणार.

सीझनच्या शेवटच्या दिवशी मात्र सगळा हिशोब बदलतो कारण सगळ्या मॅचेस एकाच वेळी सुरू होतात. 13 मे 2012 ला स्कायने एका चॅनेलवर मँचेस्टर सिटी-क्यूपीआर ठेवली आणि दुसऱ्यावर संडरलँड-मँचेस्टर युनायटेड. कागदावर सिटीची मॅच सोपी, घरच्या मैदानावर, खालच्या टीमशी, तिथे फक्त विजेतेपदाचा सोहळा दाखवायचा होता. नव्वद मिनिटं झाली तेव्हा सिटी 1-2 ने मागे, तिकडे विजेतेपदाच्या शर्यतीतलं युनायटेड जिंकतंय, आणि मग सिटीच्या जेकोचा गोल आणि 94 व्या मिनिटाला आग्वेरोचा. संडरलँडच्या मैदानावर युनायटेडचे खेळाडू मॅच संपवून उभे होते आणि त्यांचे चेहरे दुसऱ्या चॅनेलवर लाइव्ह जात होते. अशी मॅच कुणी निवडत नसतं, ती नशिबाने निवडलेल्या स्लॉटमधे घडते. एकाच वेळी दोन ठिकाणी काहीतरी घडत असतं यावर जर्मनीत कॉन्फरन्स नावाचा तोडगा आहे, शनिवारी साडेतीनला सगळ्या मैदानांवर आळीपाळीने फिरत राहायचं, जिथे गोल झाला तिथे उडी. कित्येक लोक आपल्या टीमच्या पूर्ण मॅचपेक्षा हेच बघतात.

वर्ल्ड कपची पद्धत अजून निराळी. इंग्लंडमधे बीबीसी आणि आयटीव्ही बसून मॅचेस वाटून घेतात, तुम्ही ही घ्या मग आम्ही ती, आणि फायनल दोघंही दाखवतात. वर्ल्ड कप सगळ्यांना फुकट दिसला पाहिजे असं तिथे कायद्यानेच आहे. गटातल्या शेवटच्या दोन मॅचेस एकाच वेळी का असतात याचं कारण 1982 मधलं पश्चिम जर्मनी-ऑस्ट्रिया, दोघांना सोयीचा 1-0 झाला आणि पुढे कुणी खेळलंच नाही, त्यानंतर नियम बदलला. त्यामुळे तिथेही एक मुख्य चॅनेलवर आणि एक बाजूच्या चॅनेलवर ठेवायची पाळी येते.

कोविडमधे हे सगळे नियम काही महिने बाजूला पडले. 2020 च्या जूनमधे मैदानं रिकामी होती म्हणून उरलेल्या 92 च्या 92 मॅचेस लाइव्ह गेल्या, काही तर फुकट. पण ऑक्टोबरमधे न निवडलेल्या मॅचेससाठी 14.95 पौंड वेगळे मागायला सुरुवात झाली आणि लोक भडकले, बऱ्याच क्लबांच्या फॅन्सनी तो पैसा फूड बँकांना दिला आणि मॅच बघितलीच नाही. नोव्हेंबरमधे ती योजना बंद करायला लागली. एका मॅचला निवडलेली नाही असं म्हणून जास्त पैसे घ्यायचे हे लोकांच्या पचनी पडलं नाही, सबस्क्रिप्शनमधे तेच पैसे निमूटपणे भरतात हा भाग वेगळा.

अमेरिकेत मेजर लीग सॉकरने 2023 पासून सगळ्याच्या सगळ्या मॅचेस अॅपलला दिल्या, कुठलीच मॅच वगळली जात नाही. तिथे आता भांडण अॅप उघडल्यावर पहिल्या स्क्रीनवर कुणाची मॅच मोठ्या चित्रासकट दिसते यावर आहे, आणि मेस्सी मायामीला आल्यापासून त्याचं उत्तर बहुतेक आठवड्यांत एकच असतं.