कॅमोमाइल: दवण्याचं भावंड, काँग्रेस गवताचंही

कॅमोमाइल हे जोतिबाला वाहतात त्या दवण्याचं आणि हारातल्या शेवंतीचं भावंड. तिन्ही सूर्यफुलाच्या कुळातली. पांढऱ्या पाकळ्या, मधे पिवळा फुगीर गड्डा. युनानी वैद्यकात याला बाबूना म्हणतात. कोल्हापूरकरांची त्याच्याशी गाठ पडते ती बहुधा दुकानात, ग्रीन टीशेजारच्या खोक्यात.

फुलात एपिजेनिन नावाचं द्रव्य असतं. चिंतेवरच्या अल्प्राझोलामसारख्या गोळ्या मेंदूत ज्या जागी चिकटतात, तिथेच तेही चिकटतं, पण पकड बरीच सैल. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात सतत चिंतेचा विकार असलेल्या 57 जणांवर 8 आठवडे चाचणी झाली. अर्काच्या कॅप्सूल घेणाऱ्यांची चिंता खोट्या गोळ्या घेणाऱ्यांपेक्षा थोडी जास्त उतरली. हा निष्कर्ष 2009 चा, आणि तो कॅप्सूलचा, चहाचा नव्हे. झोपेचं म्हणाल तर 2011 मध्ये निद्रानाशाच्या 34 रुग्णांवर केलेल्या चाचणीत ठळक फरक दिसला नाही. तरी खोक्यावर ‘गाढ झोप’ असतेच!

मला जास्त मौज वाटते ती त्याच्या तेलाची. वाफेवर काढलेलं तेल चक्क निळं निघतं. फुलातलं मॅट्रिसिन उष्णतेनं बदलून कॅमाझुलिन होतं, त्याचा हा रंग. हे कॅमाझुलिन आणि सोबतचं बिसाबोलॉल दाह कमी करतात, म्हणून त्वचेच्या मलमांत कॅमोमाइल असतं. चहा करताना फुलं गरम पाण्यात टाकून भांडं झाकावं, पाचेक मिनिटांनी गाळावं. दूध घालून खळखळ उकळलात तर सुगंधी तेल वाफेबरोबर जाईल.

आता कुळातलं तिसरं भावंड: काँग्रेस गवत. रिकाम्या प्लॉटवर, बांधावर, रस्त्याकडेला माजलेलं. त्याच्यामुळे ज्यांच्या अंगाला खाज सुटते किंवा दमा उसळतो, त्यांना कॅमोमाइलही बाधू शकतं. या कुळातली ॲलर्जी आणणारी द्रव्यं एकमेकांशी मिळतीजुळती असतात. अशांनी हा चहा टाळलेलाच बरा. गरोदर बायकांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये.

रक्त पातळ ठेवणारी वॉरफेरिनची गोळी चालू असेल तर धोका आणखी मोठा. कॅनडात अशी गोळी घेणाऱ्या 70 वर्षांच्या एका बाईंनी सर्दी-खोकल्यासाठी कॅमोमाइलचा चहा घेतला, अंगाला त्याचं लोशनही लावलं. शरीरात ठिकठिकाणी रक्तस्राव होऊन त्यांना दवाखान्यात भरती व्हावं लागलं. डॉक्टर चालू औषधं विचारतात तेव्हा या चहाचंही नाव सांगावं.