हवापालट (विदर्भ)

हवापालट म्हणजे राहत्या गावचे हवामान सोसत नाही म्हणून जुनाट दुखण्याच्या माणसाने काही महिने किंवा कायमचे सौम्य हवेच्या ठिकाणी जाऊन राहणे. विदर्भाच्या खेड्यांत याला ‘हवा बदलायला नेणे’ किंवा नुसते ‘चेंजला जाणे’ म्हणतात. निकालही दोनच शब्दांत लागतो: ‘पाणी मानवलं’, नाहीतर ‘पाणी लागलं’. हवापालटाने आजार बरा होत नाही, फार तर त्रास कमी होतो. आणि तोही हवेतली नेमकी कोणती गोष्ट बाधते हे आधी ओळखले असेल तरच. ऊन, कोरडेपणा, गारठा, दमटपणा आणि धूळ ही वेगवेगळी कारणे आहेत. एकातून सुटायला गेलेला रोगी दुसऱ्यात सापडतो, असे पुष्कळदा घडते.

विदर्भाची हवा

विदर्भाचे हवामान दोन्ही टोकांना जाते. नागपुरात २३ मे २०१३ रोजी ४७.९ अंश सेल्सिअस तापमान नोंदले गेले. २५ मेच्या सुमारास सूर्य रोहिणी नक्षत्रात गेला की नवतपा, म्हणजे कडक उन्हाचे नऊ दिवस, सुरू होतो. त्या दिवसांत दुपारी हवेतला ओलावा पुष्कळदा २० टक्क्यांच्या खाली असतो. अशा हवेत घाम दिसतच नाही, अंगावरच उडून जातो; डोक्याच्या दुपट्ट्यावर मिठाचे पांढरे पट्टे तेवढे उमटतात. त्यामुळे ‘घाम कुठे आला’ म्हणणाऱ्या रोग्याच्या शरीरातले पाणी बरेच गेलेले असते. डिसेंबर-जानेवारीत काही रात्री पारा १० अंशांच्या खाली उतरतो. धुळीचा हंगाम निराळाच: सोयाबीन आणि तुरीच्या मळणीचा भुसा, जिनिंगजवळचा सरकी-कापसाचा धुरळा आणि उन्हाळ्यात शेत साफ करताना पेटवलेल्या पऱ्हाटीचा (कापसाच्या वाळल्या झाडांचा) धूर.

जुनी प्रथा

ब्रिटिश अमलात मध्य प्रांताचे सरकार उन्हाळ्यात नागपूरहून पचमढीला मुक्काम हलवत असे, आणि वऱ्हाडचे अधिकारी चिखलदऱ्याला जात. क्षयावर औषध नव्हते तेव्हा कोरडी थंड हवा, विश्रांती आणि सकस अन्न हाच उपचार मानला जाई. आरोग्यधामे त्यासाठीच उभी राहिली. मद्रासमध्ये क्षयाच्या रोग्यांचे दोन गट करून, एकाला आरोग्यधामात आणि दुसऱ्याला घरीच तीच औषधे देऊन पाहिली. १९५९ मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा की घरी राहिलेलेही तितकेच बरे झाले. क्षयापुरता हवापालटाचा आधार तिथेच संपला, तरी ‘छातीचा आजार म्हणजे डोंगरावर न्या’ ही समजूत खेड्यांत अजून आहे.

विदर्भातले सर्वांत बोलके उदाहरण विनोबांचे. १९३८ मध्ये प्रकृती फार ढासळली तेव्हा त्यांना थंड हवेच्या ठिकाणी जाण्याचा सल्ला मिळाला. ते गेले वर्ध्याजवळच्या पवनारला, धाम नदीकाठच्या टेकाडावरच्या बंगल्यात. हवा जवळपास वर्ध्याचीच होती. पण कामाची सारी चिंता नदीअलीकडे ठेवून ते गेले आणि तब्येत सुधारली. हवेचा गुण कुठला आणि विश्रांतीचा कुठला, हा प्रश्न प्रत्येक हवापालटात असतोच.

कोणाला काय बाधते

हृदय आणि मूत्रपिंडाच्या रोग्यांना ऊन सर्वांत जड जाते. लघवी वाढवणारी गोळी चालू असताना पाणी कमी पडले की रक्तदाब एकदम उतरतो, चक्कर येते आणि मूत्रपिंडावर ताण येतो. मेमध्ये गोळीचे प्रमाण बदलायचे का, हे एप्रिलमध्येच डॉक्टरांना विचारून ठेवावे. स्वतः बंद करू नये. मानसिक आजारावर लिथियम घेणाऱ्यांच्या रक्तात पाणी कमी झाल्यावर त्या औषधाचे प्रमाण वाढून विषबाधा होऊ शकते. मल्टिपल स्क्लेरोसिसच्या (मेंदू आणि मज्जारज्जूतल्या तंतूंचे आवरण झिजण्याचा आजार) पुष्कळ रोग्यांचे शरीर अर्ध्या अंशाने तापले तरी नजर धूसर होते, पाय लटपटतात. १८९० मध्ये उहथॉफ या जर्मन नेत्रतज्ज्ञाने याचे वर्णन केले. अंग निवले की लक्षणे ओसरतात, म्हणजे तो आजाराचा नवा झटका नसतो. अशा माणसाचा दिवस थंड हवेत सुकर होतो, आजाराची चाल मात्र बदलत नाही.

सिकलसेलचा (तांबड्या रक्तपेशी कोयत्यासारख्या वाकण्याचा आनुवंशिक आजार) हिशेब वेगळा आहे, आणि पूर्व विदर्भात तोच महत्त्वाचा. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा भागांत हा आजार बराच आढळतो. यात पाणी कमी होणे आणि गारठा ही दोन्ही वेदनेच्या झटक्याची कारणे आहेत. उन्हाळ्यात रोग्याला चिखलदऱ्याला नेले आणि तो तिथल्या पहाटेच्या गारठ्यात बिनस्वेटरचा फिरला, तर हाडे धरतात. धानाच्या रोवणीत तासन्‌तास चिखलात भिजत उभे राहणे, थंड पाण्याने एकदम अंघोळ, ओल्या कपड्यांत एसटीचा प्रवास, यांतून झटके येतात. म्हणून या रोग्यासाठी गाव बदलण्यापेक्षा रोवणीचे काम बदलणे जास्त उपयोगाचे. झटके कमी करणाऱ्या हायड्रॉक्सियुरिया या औषधाच्या कॅप्सूल हवा कितीही मानवली तरी थांबवायच्या नाहीत. ताप ३८ अंशांच्या वर गेला किंवा छातीत दुखून धाप लागली तर त्याच दिवशी दवाखाना.

दम्याचे रोगी बहुधा उलट्या दिशेने चुकतात. विदर्भाची कोरडी हवा सोडून कोकणात किंवा मुंबईला गेले की दमट घरातली बुरशी आणि गादीतले धूळकिडे वाढलेले असतात. धूळकिड्यांना ५० टक्क्यांच्या वरची आर्द्रता मानवते. संधिवाताचे दुखणे पावसाळी हवेत वाढते असे रोगी सांगतात, पण माणसागणिक फरक इतका की त्यासाठी घर हलवणे शहाणपणाचे नाही.

कुठे जावे

उंचीबरोबर तापमान दर हजार मीटरला ढोबळमानाने साडेसहा अंशांनी उतरते. चिखलदरा सुमारे ११०० मीटरवर आहे, अमरावती ३४० च्या आसपास. म्हणजे फरक पाचेक अंशांचा. अमरावतीत ४५ असेल तेव्हा चिखलदऱ्यात दुपारी ४० असू शकते, रात्री मात्र खरोखर गार. पावसाळ्यात तिथे दिवसचे दिवस धुके असते. भिंती ओल धरतात आणि दमेकऱ्याला ते बाधते. मोठ्या उपचारांसाठी घाट उतरून परतवाडा-अचलपूर, नाहीतर अमरावती गाठावी लागते. डायलिसिसच्या रोग्याने इथे घर करू नये.

बुलढाणा शहराकडे लोकांचे लक्ष कमी जाते. ते अजिंठ्याच्या पठारावर, साडेसहाशे मीटरच्या आसपास आहे. अकोल्याहून उन्हाळ्यात चार-पाच अंशांनी गार, जिल्ह्याचे ठिकाण असल्याने दवाखाने जवळ, आणि माणूस विदर्भातच राहतो. पुणे-नाशिकला ऊन कमी आहे, पण तिथे खरा आधार हवेपेक्षा नोकरीला असलेल्या मुलाच्या घराचा असतो. तिसऱ्या मजल्यावर लिफ्टशिवायची खोली असेल तर संधिवाताचे म्हातारे माणूस कोंडून पडते.

चाचणी मुक्काम

कायमचे जाण्याआधी त्या ठिकाणी दोनदा राहून पाहावे: एकदा आपल्या गावच्या वाईट महिन्यात, एकदा तिथल्या वाईट महिन्यात. प्रत्येक मुक्काम किमान चार आठवड्यांचा हवा, कारण नव्या हवेत शरीर रुळायलाच एक ते दोन आठवडे लागतात. गाव सोडण्याआधी दोन आठवडे आणि तिथे रोज एका वहीत लिहावे: सकाळ-दुपारचे खोलीतले तापमान, त्रास शून्य ते दहांत किती, वेदनेच्या गोळ्या किती, झोप, वजन, दमा असेल तर पीक फ्लो मीटरचा (फुंकरीचा जोर मोजणारी नळी) आकडा. ‘बरं वाटते’ एवढ्यावर काही ठरत नाही. मुक्कामात रोगी शेतात जात नाही, चूल फुंकत नाही आणि सून वेळेवर जेवायला देते. अर्धा गुण तिथलाच असतो. हे ओळखायला चाचणीतच रोज थोडे नेहमीचे काम करून पाहावे.

गाव न बदलता खोली बदलणे

बहुतेक घरांना हाच पर्याय परवडतो, आणि विदर्भाच्या कोरड्या उन्हाळ्यात तो चांगला लागू पडतो. ४५ अंश आणि १५ टक्के आर्द्रता असताना पाण्याच्या बाष्पीभवनाने हवा २४ अंशांपर्यंत निवू शकते. प्रत्यक्षात चांगला कूलर ३० च्या आसपास आणतो. त्यासाठी समोरची खिडकी उघडी हवी. खोली बंद करून कूलर लावणे ही नेहमीची चूक: तासाभरात ओलावा साचतो आणि रोगी गुदमरतो. जुलैत हवाच दमट झाली की तोच कूलर निरुपयोगी ठरतो. दिवसाला ५०-६० लिटर पाणी तो सहज पितो, म्हणून टँकरच्या गावात आधी पाण्याचा हिशेब करावा. टाकी आठवड्यातून एकदा रिकामी करून घासून कोरडी करावी, नाहीतर डेंगीचे डास तिथेच होतात. ४० अंशांच्या वर नुसता पंखा गरम हवाच अंगावर मारतो. तेव्हा अंगावर ओला पंचा घ्यावा.

छप्पर टिनाचे असेल तर वरून चुन्याचे दोन हात आणि खाली तट्ट्यांचे छत द्यावे, खोली तीन-चार अंशांनी उतरते. कवेलूचे (कौलांचे) किंवा जाड मातीच्या भिंतीचे जुने घर पाडून टिनाची पक्की खोली बांधली आणि मग रोग्याला हवा बदलायला नेले, असा उफराटा खर्च खेड्यांत सर्रास दिसतो. पश्चिमेच्या भिंतीला तुराट्यांचा मांडव लावला की संध्याकाळची तापलेली भिंत निवते.

न उघडलेले इन्सुलिन २ ते ८ अंशांत ठेवायचे असते. फ्रीज नसेल किंवा वीज जात असेल तर एका मोठ्या मडक्यात लहान मडके ठेवून मधल्या जागेत ओली रेती भरावी. बाटली झाकणाच्या डबीत घालून आतल्या मडक्यात ठेवावी आणि रेतीवर दिवसातून दोनदा पाणी शिंपडावे. मडक्यात फ्रीजइतका गारवा येत नाही, म्हणून साठा करू नये. चालू बाटली साधारण चार आठवड्यांत संपवावी. बर्फाच्या कप्प्यात गोठलेले इन्सुलिन फेकून द्यावे, ते वितळले तरी उपयोगाचे नसते.

जाण्याआधीचे कागद

निदानाची चिठ्ठी, शेवटचे तपासणी अहवाल आणि औषधांची यादी (गोळीचे मूळ नाव आणि मात्रा, नुसता रंग नव्हे) एका फाइलीत असावी. डायलिसिसच्या रोग्याने नव्या केंद्रातली पाळी पक्की झाल्याशिवाय निघू नये. तिथे कावीळ बी, कावीळ सी आणि एचआयव्हीचे ताजे अहवाल मागतात, कारण त्यावरून मशीन ठरते. क्षयरोग्याने निक्षय क्रमांक (क्षयरोग्यांच्या सरकारी नोंदणीचा क्रमांक) सोबत घेऊन नव्या केंद्राकडे नोंद हलवून घ्यावी, आणि ती होईपर्यंत पुरतील एवढ्या गोळ्या बांधून घ्याव्यात. धान्य आधारच्या अंगठ्यावर दुसऱ्या गावच्या दुकानातही मिळते, त्यामुळे शिधापत्रिकेतून नाव कमी करण्याची घाई नको. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना राज्यात कुठेही यादीतल्याच रुग्णालयात चालते. नव्या गावाजवळ कोणते आहे ते आधी पाहावे. सिकलसेल आणि डायलिसिसच्या रोग्यांना एसटीत सवलत आहे, दाखला जवळ बाळगावा.

परत येणे

मृगाची पहिली सर पडली की माणूस गावाकडे धावतो, कारण पेरणी. पण पाऊस नीट लागेपर्यंतचे हे दिवस तापलेले आणि दमट असतात. कूलर चालत नाही आणि घाम वाळत नाही. त्यात थंड हवेत राहून शरीराची उन्हाची सवय मोडलेली असते. परतल्यावर पहिले दोन आठवडे शेतात सकाळी नऊपर्यंत आणि संध्याकाळी पाचनंतरच जावे, आणि उन्हाळ्यात डॉक्टरांनी गोळ्यांचे प्रमाण बदलले असेल तर ते तसेच ठेवायचे की पूर्ववत करायचे, हे त्याच आठवड्यात विचारून घ्यावे.