‘काही प्रश्न?’ विचारल्यानंतरचे पाच सेकंद

ऑनलाइन व्याख्यानात वक्ता विचारतो, “काही प्रश्न?” समोर नावं लिहिलेले काळे चौकोन. दोन सेकंद जातात आणि “बरं, पुढे जाऊ” म्हणत स्लाइड सरकते. तेवढ्यात कोणीतरी माइक उघडून “सर, एक…” म्हणतं आणि तिथेच गप्प होतं. नंतर चर्चा होते की श्रोते थंड होते. खरं तर गोंधळ बहुतेक वेळा वेळेच्या गणितात असतो.

दहा वेगवेगळ्या भाषांमधल्या गप्पा मोजून २००९ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. प्रश्न संपल्यापासून उत्तर सुरू होईपर्यंतचं सरासरी अंतर निघालं सुमारे २०० मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाचा पाचवा हिस्सा. जपानी लोक सर्वांत झटपट, डॅनिश सर्वांत सावकाश. पण फरक सेकंदाच्या आतलाच. म्हणजे समोरचा बोलत असतानाच आपण उत्तर जुळवत असतो.

इंटरनेटवर आवाज साधारण २० मिलिसेकंदांच्या तुकड्यांत कापून पाठवला जातो. तुकडे पुढेमागे पोचतात, म्हणून पलीकडचं सॉफ्टवेअर ते थोडे साठवून, ओळीने लावून ऐकवतं. एका बाजूचा उशीर १५० मिलिसेकंदांपर्यंत असावा, अशी आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाची शिफारस आहे. तो २०० धरा. प्रश्न जायला २००, श्रोत्याचे नेहमीचे २०० आणि उत्तर यायला २००, असे ६०० झाले. म्यूट काढायचा वेळ वेगळाच. समोरासमोर कोणी इतकं थांबलं, तर आपल्याला तो कां-कूं करतोय असं वाटतं. जर्मनीतल्या संशोधकांनी २०१४ मध्ये हेच दाखवलं: लाइनमध्ये उशीर वाढवला की दोष लाइनला न देता माणसालाच दिला जातो, पलीकडचा कमी लक्ष देणारा वाटू लागतो.

म्हणून प्रश्न विचारल्यावर मनात पाच आकडे मोजा. चॅटमध्ये उत्तर हवं असेल तर पंधरा. पाण्याचा घोट घ्या, पण बोलू नका. तुम्ही तोंड उघडलंत की माइककडे गेलेला हात मागे येतो. ‘समजलं ना सगळ्यांना?’ हा तर प्रश्नच नव्हे. ‘नाही’ म्हणायला कोण चारचौघांत माइक उघडेल? त्याऐवजी तीन पर्याय दाखवा आणि नुसता आकडा टाकायला सांगा. आकड्यासाठी इंग्रजी-मराठी कीबोर्ड बदलत बसावं लागत नाही. यूट्यूबवर थेट प्रक्षेपण असेल तर उशीर काही सेकंदांचा असतो, सेटिंगनुसार त्याहूनही जास्त. तिथे प्रश्न टाकून अर्धा मिनिट पुढचा विषय बोला आणि मग उत्तरं वाचा.

विनोदावर कोणी हसत नाही, यालाही तांत्रिक कारण आहे. बहुतेक जण म्यूटवर असतात. जे नसतात त्यांचं हलकं हसू किंवा ‘हं, हं’ प्रतिध्वनी आणि गोंगाट कापणारं सॉफ्टवेअर गिळून टाकू शकतं, विशेषतः तुम्ही बोलत असताना. कुकरच्या शिट्टीसोबत दादही जाते. पाच-सहा जणांना आधीच सांगून कॅमेरे चालू ठेवायला लावा; निदान मान डोलावलेली दिसेल.

आता नजर. लॅपटॉपचा कॅमेरा वर असतो आणि चेहरे पडद्याच्या मध्यावर, साधारण १० सेंटिमीटर खाली. ५० सेंटिमीटरवर बसलात तर हा कोन ११ अंशांचा होतो. स्टॅनफर्डमधल्या २००२ च्या प्रयोगात आढळलं, की कॅमेऱ्याच्या खाली सुमारे ५ अंशांपर्यंत पाहिलं तरी समोरच्याला नजरानजर झाल्यासारखं वाटतं. बाजूला किंवा वर मात्र एखाद्या अंशानेही फरक कळतो. ७० सेंटिमीटरवर ५ अंश म्हणजे ६ सेंटिमीटर. तेव्हा लॅपटॉप पुस्तकांच्या गठ्ठ्यावर डोळ्यांच्या पातळीला आणा, चेहऱ्यांची खिडकी लहान करून थेट कॅमेऱ्याखाली सरकवा आणि खुर्ची जरा मागे घ्या. टिपणांचा कागद शेजारच्या टेबलावर ठेवू नका, तोही कॅमेऱ्याखालीच चिकटवा.

मात्र खर्च करायचा असेल तर तो कॅमेऱ्यावर नको, माइकवर करा. २०१८ च्या एका अभ्यासात तेच व्याख्यान चांगल्या आणि बिघडवलेल्या आवाजात लोकांना ऐकवलं. खराब आवाज ऐकणाऱ्यांना वक्ता कमी हुशार वाटला आणि त्याचं संशोधनही कमी महत्त्वाचं. अंतर निम्मं केलं की तोंडातून थेट माइकपर्यंत येणारा आवाज ६ डेसिबलने वाढतो. लॅपटॉपचा ६० सेंटिमीटरवरचा माइक सोडून १५ सेंटिमीटरवरचा घेतलात की १२ डेसिबल मिळाले. खोलीचा घुमारा तेवढाच राहतो, म्हणून शब्द सुटे ऐकू येतात. माइक तोंडासमोर न धरता ओठांच्या कोपऱ्याशी ठेवा. नाहीतर ‘फ’ आणि ‘भ’चे फुत्कार आदळतात.

ब्लूटूथ हेडसेटची एक खोड आहे. त्याचा माइक चालू झाला की अनेक जुन्या संचांमध्ये ४ किलोहर्ट्झच्या वरचा, म्हणजे उंच पट्टीतला तीक्ष्ण आवाज कापला जातो. ‘स’ची बरीचशी ऊर्जा नेमकी त्या वर असते, ‘श’ची खाली. मग ‘साप’ आणि ‘शाप’ यांतला फरक पुसट होतो आणि श्रोता तासभर अंदाज बांधून थकतो. साधा वायरचा हेडसेट इथे सरस ठरतो. आदल्या दिवशी त्याच ॲपवर, त्याच खोलीत दोन मिनिटं रेकॉर्ड करा. त्यात ‘साप, शाप, साल, शाल’ उलटसुलट क्रमाने म्हणा आणि घरातल्या कोणाला तरी ऐकवून कागदावर लिहायला सांगा.